पावसाळ्यात जुनी शिडाची बोट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी बोट २४ फुटी, फायबरची, १९८० च्या दशकात बांधलेली. रायगडातल्या एका खाडीत ती ऑक्टोबर ते मे नांगरावर असते आणि उरलेले महिने माडांच्या सावलीत, जमिनीवर. एप्रिल उजाडला की तेच ते प्रश्न फोनवर येऊ लागतात. प्रत्येकाला घाईत अर्धवट उत्तर देण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवतो आहे.

खालच्या बहुतेक उत्तरांमागे एकच गोष्ट आहे, ती आधीच सांगतो. जुन्या बोटीला समुद्राचं खारं पाणी जेवढं छळतं, त्याहून कितीतरी जास्त पावसाचं गोडं पाणी छळतं. खारं पाणी बाहेरून येतं आणि आपण त्याच्यावर लक्ष ठेवून असतो. गोडं पाणी वरून, एकेका स्क्रूच्या भोकातून, आपण घरी झोपलेलो असताना आत उतरतं.

बोट पाण्याबाहेर काढायलाच हवी का? खाडीत आत नेऊन बांधली तर?

काढायला हवी. खाडीत लाटा कमी असतात हे खरं, पण पावसाळ्यात वरून लोंढा येतो, त्याबरोबर ओंडके, झाडाच्या फांद्या, तुटलेली जाळी वाहत येतात. दोर घासतात. आणि कोसळत्या पावसात रोज जाऊन बोटीतलं पाणी उपसणं तुम्हाला जमणार नाही. तळातलं पाणी उपसणाऱ्या बिल्ज पंपाच्या भरवशावर राहू नका. आठवडाभर ऊन पडलं नाही की सोलर पॅनल काही देत नाही, बॅटरी उतरते आणि पंप थांबतो.

आपल्या किनाऱ्याची रीतही हीच आहे. मासेमारी बंदी १ जूनला सुरू होते, त्याच्या आधीच होड्या वर ओढून शाकारायची लगबग गावोगाव दिसते. आरमारी गलबतांचीही हीच तऱ्हा असे. विजयदुर्गाजवळ गिर्ये गावात वाघोटण खाडीच्या काठी खडक फोडून केलेली मराठा आरमाराची गोदी आजही बघायला मिळते. जहाज भरतीला आत घ्यायचं आणि ओहोटीला कोरडं करायचं, एवढाच तिचा हिशेब. जमलं तर एकदा जाऊन या.

कधी काढायची?

मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात. "पाऊस तर १० जूनला येतो" असं म्हणणारे पुष्कळ भेटतात, पण वादळं पावसाची वाट बघत नाहीत. तौक्ते आपल्या किनाऱ्यावरून गेलं ते २०२१ च्या मे महिन्याच्या मध्यावर, आणि निसर्ग रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं ३ जून २०२० ला. दोन्ही वेळा मोसमी पाऊस अजून पोचायचा होता.

दिवस ठरवताना पंचांग हाताशी घ्या. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, भरतीला खाडीत पुरेसं पाणी चढत नाही, म्हणून उधाण लागतं. भरतीची वेळ काढायचा कोळ्यांचा हिशेब सोपा आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट. अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमेला किंवा अमावस्येला सव्वाअकराच्या सुमारास भरती. मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर हा अंदाज कामापुरता बरोबर येतो. म्हणजे उधाणाची भरती भर दुपारी येते, उजेडात काम होतं, ही आपली सोय आहे. उधाण पौर्णिमेनंतर एक-दोन दिवस टिकतं, किंबहुना पाणी तेव्हाच सर्वांत वर चढतं. मात्र वर्षातल्या सर्वांत मोठ्या उधाणाला बोट अगदी वरच्या टोकाला नेऊन ठेवू नका. ऑक्टोबरात तेवढं पाणी तिथवर आलं नाही तर पंचाईत होते. हायड्रा क्रेन मिळत असेल तर हा प्रश्न उरत नाही, पण क्रेनवाल्याला बोटीचं वजन खरं सांगा आणि पट्टे कुठे लावायचे त्याच्या खुणा बोटीच्या कडेवर आधीच रंगवून ठेवा. पट्टा प्रॉपेलरच्या दांड्यावर किंवा सुकाणूवर आला तर एका उचलीत हजारोंचं नुकसान होतं.

बाहेर काढल्यावर पहिलं काम कोणतं?

बूड घासणं, तेही ओलं असतानाच. शेवाळ आणि नुकतीच चिकटलेली कालवं पहिल्या तासाभरात पत्र्याच्या खुरपणीने सहज निघतात. दुसऱ्या दिवशी उन्हात वाळली की सिमेंट होतात. मग गोड्या पाण्याने सगळं धुवा. हो, इथे गोडं पाणी आपलं मित्र आहे, कारण मीठ हवेतली ओल धरून ठेवतं आणि मीठ राहिलेली वस्तू पावसाळाभर वाळत नाही.

दुसरं काम, बुडाशी असलेला पाणी काढायचा बूच काढून टाका आणि तो सुकाणूच्या दांड्याला दोरीने बांधून ठेवा. म्हणजे ऑक्टोबरात बूच विसरून बोट पाण्यात सोडली जाणार नाही.

कशावर उभी करू?

वजन सगळं कीलवर, म्हणजे तळाच्या मधोमधच्या कण्यावर; टेकू फक्त तोल सांभाळायला. हे उलटं झालं की टेकूच्या जागी बूड आत दबतं. कीलखाली जाड, रुंद फळ्या किंवा रेल्वेचे जुने स्लीपर. दोन्ही बाजूंना निदान तीन-तीन टेकू, समोरासमोरचे टेकू साखळीने एकमेकांना जखडलेले, म्हणजे ते बाहेर सरकणार नाहीत. टेकू बोटीच्या आत जिथे आडवी भिंत आहे तिथे लावा, दोन भिंतींच्या मधल्या मोकळ्या जागी नाही.

जमीन मे महिन्यात दगडासारखी असते, त्यावरून फसू नका. माझ्या बोटीचा एक टेकू एका जुलैत तांबड्या मातीत चार बोटं खचला. सकाळी गेलो तर बोट कलंडलेली नव्हती, पण एका बाजूला झुकून जणू कान देऊन काहीतरी ऐकत होती. तेव्हापासून प्रत्येक टेकूखाली दोन हात लांबीची फळी असते आणि मोठा पाऊस झाला की मी जाऊन टेकू हाताने हलवून बघतो. ताडपत्रीची दोरी टेकूला कधीही बांधू नका. वाऱ्याने ताडपत्री फडफडली की ती टेकू उपटून काढते.

नाळेची, म्हणजे पुढची, बाजू थोडी वर ठेवा, पाणी मागे वाहत जाऊन बाहेर पडेल.

झाकायची कशी? ताडपत्री पुरे ना?

पुरते, पण घराच्या छपरासारखी घातली तर. पूर्वी होड्या माडाच्या विणलेल्या झापांनी शाकारत, आणि त्या शाकारणीत मोठं शहाणपण होतं. झाप पाणी वरून घसरवतो आणि खालून हवा खेळू देतो. निळी प्लॅस्टिकची ताडपत्री बोटीला घट्ट गुंडाळली की पाणी बाहेरून येत नाही, पण आतली वाफ आतच राहते. सप्टेंबरात हॅच, म्हणजे डेकवरचं झाकण, उघडलं की तोंडावर बुरशीचा भपका येतो आणि गाद्यांवर हिरवे ठिपके दिसतात.

मी असं करतो. डोलकाठी उतरवून बोटीवरच पुढून मागे आडवी ठेवतो, डेकपासून हातभर उंच. ते झालं आढं. त्यावरून दोन्ही बाजूंना बांबू, ते झाले वासे. त्यावर ताडपत्री, जिथे जिथे ती लाकडाला किंवा धातूला घासेल तिथे जुन्या गोधडीचे तुकडे. कड बोटीच्या बाहेर दीड हात तरी लोंबली पाहिजे, म्हणजे पागोळ्या डेकवर न पडता जमिनीवर पडतात. पुढची आणि मागची त्रिकोणी तोंडं उघडी ठेवतो, फक्त उंदीर आणि कावळ्यांसाठी जाळी. नैर्ऋत्येचा वारा कुठून येतो ते बघून उघडं तोंड त्याच्या थेट समोर येणार नाही अशी बोट उभी करायची. आतली सगळी कपाटं, फळ्या, तळावरच्या पाटण्या उघड्या. गाद्या घरी.

झाप मिळत असतील तर ताडपत्रीवर एक थर झापांचाही घाला. वाऱ्याची फडफड थांबते आणि उन्हापासून प्लॅस्टिक वाचतं.

डेकवर चालताना पाय थोडा दबतो. हे गंभीर आहे का?

आहे. ज्यांनी मला हा प्रश्न विचारला त्यातल्या निम्म्यांनी आधी दोन पावसाळे तो मनात दाबून ठेवला होता.

बहुतेक जुन्या फायबर बोटींचा डेक म्हणजे फायबरचे दोन पापुद्रे आणि मध्ये प्लायवूड किंवा बाल्सा लाकडाचा गाभा. रचना उत्तम आहे, हलकी आणि ताठ. लाकूड आत असणं हा दोष नव्हे. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये ज्या 'म्हादेई'तून एकट्याने जगाला प्रदक्षिणा घातली ती गोव्यातच बांधलेली, आणि तिच्याही फायबरच्या आत लाकडाचाच गाभा आहे. दोष असतो तो लाकडापर्यंत पाणी पोचू देण्यात. दोर बांधायचे क्लीट, कठड्याचे खांब, दोर ओढायचे विंच, हॅचची चौकट, या प्रत्येकासाठी डेकला भोकं पाडलेली असतात. त्यातला सीलंट १०-१५ वर्षांत मरतो. वरून दिसायला सगळं ठाकठीक असतं.

तपासायला यंत्र लागत नाही. स्क्रूड्रायव्हरच्या प्लॅस्टिकच्या मुठीने डेकवर हळूहळू ठोकत जा. चांगल्या जागी टणक, कोरडा आवाज येतो. खराब जागी आवाज बसतो, ओल्या मडक्यावर टिचकी मारल्यासारखा. पेन्सिलीने हद्द आखत चला. माझ्या बोटीवर मी डावीकडच्या कठड्याच्या एका खांबापाशी अशी हद्द आखली, ती ताटाएवढी झाली. खांबाचे चार बोल्ट काढले. चौथ्या भोकातून आधी चहाच्या रंगाचं पाणी ओघळलं, मग मी वाकडा खिळा आत घालून फिरवला तर भिजलेल्या पोह्यांसारखा लगदा बाहेर आला. वास कुजक्या पानांचा. मीठ चवीला नव्हतं. समुद्राचं नव्हेच ते पाणी, पावसाचं.

डाग लहान असेल तर: बोल्ट काढा, वरचा पापुद्रा आणि गाभा बोल्टपेक्षा दुप्पट रुंद ड्रिलने पोखरा, खालचा पापुद्रा तसाच ठेवा. वाकड्या खिळ्याने आजूबाजूचा मऊ गाभा जेवढा निघेल तेवढा काढा. पूर्ण वाळू द्या. मग खालून चिकटपट्टी लावून भोक दाट केलेल्या इपॉक्सी रेझिनने भरा आणि दोन-तीन दिवसांनी त्या भरावाच्या मधोमध नवं भोक पाडा. आता पुढे कधी सीलंट गेला तरी पाणी लाकडाला भेटणार नाही. डाग परातीएवढा किंवा त्याहून मोठा असेल तर वरचा पापुद्रा कापून उचलावा लागतो, नवा गाभा बसवावा लागतो. ते काम अनुभवी माणसाबरोबर करा.

"वाळू द्या" या दोन शब्दांत सगळी अडचण आहे. म्हणून ठोकून बघायचं काम फेब्रुवारीत, उघडायचं काम एप्रिल-मेमध्ये. जूनमध्ये डेक उघडणं म्हणजे जखम उघडी टाकून पावसात उभं राहणं.

बुडावर फोड आलेत. बोट गेली का?

नाही. फायबरच्या बाहेरच्या थरातून पाण्याची वाफ झिरपते, आत क्रिया पूर्ण न होता राहिलेल्या रसायनांशी मिळून तिचा आंबट द्रव होतो आणि तो फोड उचलतो. याला ऑस्मॉसिस म्हणतात. फोड फोडताना चष्मा लावा, द्रव दाबाने उडतो, त्याला व्हिनेगरसारखा वास येतो. पाच-दहा फोडांसाठी घाबरायचं कारण नाही. प्रत्येक फोड चांगला भाग लागेपर्यंत घासून बशीसारखा उथळ करा, गोड्या पाण्याने पुन्हापुन्हा धुवा, वाळू द्या, मग इपॉक्सी आणि भराव.

वाळलं की नाही हे कळायला वहीच्या पानाएवढा पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने बुडावर लावून ठेवा. सकाळी आतून दव दिसलं तर अजून थांबायचं. माझी रीत अशी की मेमध्ये फोड उघडायचे आणि भरायचं काम थेट ऑक्टोबरात, कोरडी हवा सुरू झाली की. बुडाला पाऊस थेट लागत नाही, तेव्हा मधले महिने फुकट जात नाहीत, धुणं आणि झिरपणं चालू राहतं.

म्हणजे पावसाळ्यात फायबरचं काहीच काम करायचं नाही?

घरात आणता येईल ते करा: हॅच, सुकाणूचा दांडा, आतल्या फळ्या. बाहेर नको. दमट हवेत इपॉक्सी वाळताना त्यावर मेणासारखा चिकट थर येतो. तो पाण्याने आणि खरखरीत स्क्रबरने घासून काढल्याशिवाय पुढचा हात धरत नाही. पृष्ठभाग हवेच्या दवबिंदूपेक्षा निदान ३ अंशांनी गरम हवा, आणि जुलैत कोकणात ते क्वचित घडतं. आणखी एक, जुन्या बोटीच्या पॉलिएस्टर रेझिनवर इपॉक्सी छान धरतं, पण वाळलेल्या इपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट धरत नाही. दुरुस्ती एकदा इपॉक्सीने केली की पुढे इपॉक्सीच.

जीवावर बेतणारी एक गोष्ट. आपल्याकडे पॉलिएस्टर रेझिन, कोबाल्ट आणि हार्डनर, ज्याला एमईकेपी म्हणतात, तीन वेगळ्या डब्यांत मिळतात. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, स्फोट होतो. आधी रेझिनमध्ये कोबाल्ट पूर्ण ढवळा, मगच हार्डनर. दोघांचे चमचे वेगळे ठेवा. डोळ्यांवर चष्मा हवाच, हार्डनरचा एक थेंब डोळा घालवू शकतो.

डोलकाठी दरवर्षी उतरवावी का?

जुन्या बोटीची, हो. उभी डोलकाठी वादळात बोटीला टेकूंवरून ढकलते. शिवाय ती जमिनीच्या उंचीवर आली की जे वर चढून दिसत नाही ते डोळ्यांसमोर येतं.

तारांवरून कापसाचा बोळा फिरवा. कुठे कापूस अडकला तर तिथे तारेचा एक धागा तुटलेला आहे, आणि एक तुटला म्हणजे ती तार बदलायची. डागडुजी नाही. सर्वांत जास्त बघायची जागा म्हणजे तार जिथे टोकाच्या दाबलेल्या नळीत शिरते. खालच्या टोकाच्या नळ्यांत पाणी साचतं, त्यामुळे त्या आधी जातात. तांबूस डाग पुसून टाका आणि भिंगातून चिरा शोधा. तारांचं वय माहीत नसेल, किंवा १० वर्षांच्या वर गेलं असेल, तर सगळ्या बदला. खर्च होतो, पण भर समुद्रात डोलकाठी कोसळण्यापुढे तो काहीच नाही. तारा ज्या स्टीलच्या पट्ट्यांना बांधलेल्या असतात त्या डेकमधून आत जातात. नेमक्या डेकच्या जाडीत, जिथे डोळा पोचत नाही, तिथे स्टेनलेस स्टीलही हवा न मिळाल्याने गंजतं. निदान एकदा त्या पट्ट्या पूर्ण बाहेर काढून बघा.

डोलकाठीची दोन्ही तोंडं जाळीने बांधा. कुंभारमाशीला ती फार आवडते, आणि तिच्या मातीच्या घरट्याने आतली दोरी अडकली की निस्तरता नाकीनऊ येतात.

शिडं आणि दोर?

गोड्या पाण्याने धुवा, सावलीत पूर्ण वाळवा, घरी न्या, माळ्यावर ठेवा. उंदरांना शिडाच्या घडीत बाळंतपण करायला आवडतं. शिवणीचा दोरा कापडाच्या आधी उन्हाने मरतो, म्हणून नखाने शिवण खरवडून बघा. दोरा तुटत आला असेल तर पावसाळ्यातच शिवून घ्या. बुरशीचे डाग सौम्य साबणाने जेवढे जातील तेवढे घालवा, आणि नायलॉनच्या शिडाला ब्लीच अजिबात लावू नका.

इंजिनाचं काय?

आउटबोर्ड असेल तर पिंपात गोडं पाणी भरून १० मिनिटं चालवा, मग पेट्रोलची नळी काढून कार्ब्युरेटर कोरडा होईपर्यंत चालू ठेवा. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढतं आणि चार महिन्यांनी टाकीच्या तळाशी पाण्याचा वेगळा थर बसतो. उरलेलं पेट्रोल गाडीत ओतून संपवा. गिअर ऑइल आत्ताच बदला. ते दुधाळ निघालं तर सील गेलं आहे, आणि दुरुस्तीला चार महिने हातात आहेत.

आतलं डिझेल इंजिन असेल तर उलट, टाकी काठोकाठ भरा, म्हणजे आत दव धरायला जागा राहत नाही. इंजिन ऑइल ठेवण्याआधी बदला, नंतर नाही. पंपातलं रबरी चाक (इम्पेलर) काढून पिशवीत घालून चावीला बांधा.

बॅटरी घरी नेऊन महिन्यातून एकदा चार्ज करा.

बुडाखालच्या पाण्याच्या तोट्या तपासायच्या म्हणजे काय करायचं?

प्रत्येक तोटी पूर्ण उघडा, पूर्ण बंद करा. अडकत असेल तर खोला, ग्रीस लावा. मग धातू बघा. जुन्या बोटीवर कुणीतरी कधीतरी हार्डवेअरच्या दुकानातली साधी पितळी तोटी बसवलेली असते. खाऱ्या पाण्यात पितळेतलं जस्त निघून जातं आणि ठिसूळ तांबं उरतं. कानशीने थोडं घासा. पिवळं चमकलं तर ठीक, गुलाबीसर दिसलं तर लगेच काढा आणि तिथे ब्राँझची बसवा. प्रत्येक तोटीशेजारी त्या मापाची लाकडी खुंटी दोरीने बांधून ठेवा.

माझी बोट लाकडी आहे. हे सगळं लागू पडतं का?

अर्धंच. लाकडी बोटीला पावसाइतकाच मे महिन्याच्या उन्हाचा धोका असतो. ती फार वाळली की फळ्या आकसतात, सांधे उघडतात. म्हणून वर काढल्या दिवसापासून सावली हवी. अधूनमधून आत खाऱ्या पाण्याच्या दोन-चार बादल्या ओताव्यात. खार मुरलेल्या लाकडात कुजवणारी बुरशी सहज धरत नाही. पावसाचं पाणी मात्र एक थेंबही आत साचता कामा नये. कोपऱ्यातल्या फळ्यांना पेनचाकूचं टोक टोचून बघा. साग टोक आत घेत नाही. घेतलं तर तिथे कुज आहे.

सांध्यातला कापूस बदलायचा असेल तर दाबून दाबून भरू नका. पाण्यात फळ्या फुगल्या की जास्त भरलेला कापूस खिळ्यांवर आणि वांकांवर, म्हणजे बोटीच्या बरगड्यांवर, ताण आणतो. हे काम गावातल्या जुन्या सुताराच्या शेजारी बसून शिका, त्याच्या मोगरीचा आवाज कुठे बदलतो ते ऐका. बाहेरून उंडीचं तेल लावायची कोकणातली पद्धत अजून टिकून आहे, आणि ती टिकावी.

परत पाण्यात कधी सोडायची?

नारळी पौर्णिमेला नारळ जरूर वाहा, पण शिडाच्या छोट्या बोटीसाठी समुद्र तेव्हा अजून मोठा असतो. मी अनंत चतुर्दशीनंतर शाकारणी उतरवतो, बोटीला दोन-तीन आठवडे ऊन दाखवतो, राहिलेलं फायबरचं काम पुरं करतो आणि कोजागरीचं उधाण धरतो. दसऱ्यापर्यंत पाऊस लांबला तर त्याच्यापुढचं.

बुडाचा रंग अगदी शेवटी. जुना थर घासताना पाणी मारत घासा आणि मास्क लावा, त्या धुळीत तांबं असतं आणि खूप जुन्या थरात त्याहून वाईट काही. प्रॉपेलरऐवजी स्वतः झिजायला लावलेले जस्ताचे गोळे अर्धे झिजले असतील तर नवे लावा, आणि त्यांच्यावर रंग लावू नका. रंगाखाली ते काहीच काम करत नाहीत आणि मग प्रॉपेलर झिजतो.

सोडताना बूच. मग क्रेनचे पट्टे सैल करण्याआधी किंवा दोर सोडण्याआधी आतल्या पाटण्या उचला आणि विजेरी घेऊन प्रत्येक तोटीपाशी हाताचं बोट फिरवा. बोट ओलं झालं आणि चव खारी लागली तर परत वर घ्या. लाकडी बोट असेल तर पहिला दिवस-दोन दिवस ती पाणी घेणारच, फळ्या फुगून सांधे मिटेपर्यंत पंप घेऊन तिच्यातच मुक्काम करा. मी फायबरच्या बोटीतही पहिली रात्र झोपायला जातो. पहाटे मतलई, म्हणजे जमिनीवरून येणारा वारा, सुटतो, बोट नांगरावर हळूच तोंड फिरवते, आणि मी पुन्हा एकदा पाटणी उचलून बघतो.